पाचवा शब्द

राजोडी,
सोमवार, ता. ११ जानेवारी १९५४

चि. रोझमेरी हिस,

ऑगस्टीनकाकाचा आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुझी आई बरी आहे. थंडीत तिचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याचं ऐकून घेत नाही. वाडीत केळी बऱ्या आहेत, पानवेलीवर थोडा रोग आहे, आणि आमची गाय कोणाशी भांडून आल्यासारखी दोन दिवस तोंड फिरवून उभी आहे. एवढ्यात सगळी खबर आली.

पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तू लिहिलं आहेस की रोग्यांच्या घरी जाणाऱ्या इंग्रजी पत्रांचे मसुदे तुमची सिस्टर तुम्हा शिकाऊ नर्सांकडून लिहून घेते, आणि तू सगळीकडे एकच ‘सून’ लावून मोकळी होतेस. गेल्या महिन्यात दोन रोग्यांची माणसं सगळं आटोपल्यावर पोचली आणि खापर तुझ्या पत्रांवर फुटलं. तिसऱ्यांदा असं झालं तर वॉर्डातून काढीन, असं सिस्टर म्हणाली. हे ऐकून तुझी आई सूप खाली ठेवून म्हणाली, “वॉर्डातून काढलं तर घरी येईल. पण त्या माणसांचं काय?” मग तू विचारलेले पाच शब्द वाचायला घेतले. पहिला ‘सून’ म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “कोणाची?” तेव्हा तिला हसू आलं ते बरं झालं.

तुला माहीतच आहे, माझं इंग्रजी रद्दीतलं. दादरच्या बाजारात पानांच्या करंड्या पाठवायच्या, त्यांत घालायला आणलेली वर्तमानपत्रं वाचत वाचत शिकलो. पानं भिजू नयेत म्हणून आणलेला कागद, त्यातून जेवढं टिपलं गेलं तेवढं माझं. तेव्हा तुमच्या सिस्टरसारखं व्याकरण माझ्याकडे नाही. वाडीतल्या माणसाला कळतं तसं सांगतो.

‘सून’ म्हणजे घरधनी सकाळी बाहेर पडताना म्हणतो ते “येतोच”. त्यावर कोणी चुलीवर भात चढवत नाही. येईल हे खरं, पण सूर्य कुठे असेल तेव्हा, ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. प्रेमाचा शब्द आहे, पण ढिला आहे. लुगड्याच्या गाठीसारखा नाही, घोंगडीच्या दुमडीसारखा.

‘शॉर्टली’ हाच माणूस, पण कोट घातलेला. कचेरीचा शब्द. विहिरीवर इंजिन बसवायच्या परवानगीसाठी मी अर्ज केला होता, त्याचा निकाल ‘शॉर्टली’ कळवू, असं तालुक्याहून उत्तर आलं. त्याला येत्या वैशाखात दोन वर्षं होतील. रहाट अजून बैलच ओढतोय. रोग्याच्या माणसाला हा शब्द लिहू नकोस. त्याला वाटेल, सरकारी काम आहे, होईल सावकाश.

‘फोर्थकमिंग’ मला आवडतो. केळीला केळफुलाचा कोका दिसला की घड ‘फोर्थकमिंग’. आता पानाआड काही लपलेलं नाही, महिने मोजायचे आणि करंडी विणायला घ्यायची. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात ना, तसा हा शब्द. जे ठरलं, चारचौघांत सांगितलं आणि आता येणार, ते. सहसा चांगल्याच गोष्टीला लागतो. मरणाला लावशील तर सिस्टर तुला खरंच घरी पाठवील.

‘इम्पेंडिंग’ डोक्यावर लटकतं. वाडीच्या वाटेवर माडाची वाळकी झावळी अर्धी तुटून लोंबत असते. आज पडेल, होळीनंतर पडेल. धोंडूबाई पाटी घेऊन जाताना दर खेपेला तिच्याकडे बघून शिवी देते आणि बाजूने जाते. बाजूने जायला वाव आहे, हे ध्यानात ठेव. ‘इम्पेंडिंग’ लिहिलंस तर माणूस घाबरेल, देवाला नवस बोलेल, बाजूने जाईल. निघेलच असं नाही.

पाचव्याबद्दल तू लिहिलं आहेस, “तो तर तुम्हाला आता पक्का झाला असेल, काका, म्हणून मुद्दाम तुम्हालाच विचारते.” टोमणा नाही तो, मला कळतं. तुझ्या बाबांच्या इस्पितळातून आलेल्या पत्रात तोच शब्द होता आणि तो काकाला अडला, ही गोष्ट गावाला माहीत आहे. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. पुन्हा उगाळायला नको.

टपाल न्यायला माणूस येऊन उभा राहिला आहे. पाचव्या शब्दाबद्दल मागाहून लिहितो. तोवर चौघांवर भागव.

तुझा
ऑगस्टीनकाका

ता. क. तुझी आई विचारते, तिकडे पाणी गरम मिळतं का.


राजोडी,
बुधवार, ता. २० जानेवारी, सकाळी

चि. रोझमेरी हिस,

तुझं पत्र आत्ता आलं. मला आज टपालाचा भरवसा नाही. आपल्या गावचा विद्याधर दहाच्या गाडीने मुंबईला निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो. इस्पितळाच्या फाटकावर तुला बोलावून घ्यायला त्याला सांगितलं आहे.

तुझ्या वॉर्डातली जयवंती कामणची आहे, नवरा मिठागरावर कामाला आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, आणि सिस्टरने मसुदा तुझ्याकडे दिला आहे. मी मागाहून लिहितो म्हटलं आणि तू नऊ दिवस थांबलीस. हे माझ्याकडून बरं झालं नाही.

शब्द ‘इमिनंट’. तोच लिही. ‘इम्पेंडिंग’मध्ये बाजूने जायला वेळ असतो. यात तेवढा नाही, यात फक्त पोचायला वेळ असतो, तोही निघालं तर.

आणि इंग्रजीच्या खाली ठळक मराठीत लिही: “बाई जगत नाही. आजच निघा.” सिस्टर रागावली तर रागावू दे. मिठागरावर ते पत्र कोणीतरी वाचून दाखवील. वाचून दाखवणारा भला माणूस असेल. भल्या माणसाच्या हातात मोकळीक ठेवू नकोस.

कामणला पत्र टपालाने टाकू नकोस. विद्याधर परतताना पुढे कामणला जाऊन देईल. त्याला मी तसं बजावलं आहे.

हा शब्द मला येतो. आधीही येत होता. त्याबद्दल लिहीन, पण आज नाही. गाडी चुकेल.

ऑगस्टीनकाका


राजोडी,
शनिवार, ता. ३० जानेवारी १९५४

चि. रोझमेरी हिस,

तुझं पत्र पोचलं. जयवंतीचा नवरा त्याच संध्याकाळी आला, बायकोने त्याला ओळखलं, “मिठाला कोण आहे?” म्हणून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सिस्टरने मराठी ओळ पाहिली आणि काही बोलली नाही, असं तू लिहितेस. चांगली बाई असावी.

तू आणखी एक विचारलं आहेस: “आधीही येत होता म्हणजे कधी?”

आता क्रमाने लिहितो.

सत्तेचाळीस सालचा फेब्रुवारी. तुझ्या लिडियाताईचं लग्न माझ्या भाच्याशी, मायकलशी, ठरलेलं. मायकलला मी वाढवला. माझी बहीण बेटी विधवा होऊन माहेरी आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला आफ्रिकेत रेल्वेची नोकरी लागली होती, बोट बावीस तारखेची. लग्न सोमवारी, सतराला. बुधवारी राखेचा दिवस, म्हणजे उपासकाळ सुरू. मग पास्खाच्या सणापर्यंत लग्नं बंद. ही तारीख चुकली की मायकल आफ्रिकेत आणि लिडिया इथे, आणि मुदत तीन वर्षांची. बेटी रोज म्हणायची, “बोट काही पाद्र्याला विचारून सुटत नाही.”

तुझे बाबा, युजीन, पंधरा दिवसांपासून मुंबईला इस्पितळात होते. पोटाचं दुखणं. त्यांनीच निरोप पाठवला होता की तारीख हलवू नका, मी लग्नाला येतो. तुझी आई दर गुरुवारी जाऊन येत होती. त्या गुरुवारी मात्र मांडवाच्या गडबडीत गेली नाही.

शनिवारी, पंधरा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास टपालवाला आला. तुमच्या अंगणात मांडव पडला होता. बायका तांदळाच्या पिठाच्या वड्या तळत होत्या. तू दाराच्या चौकटीवर बसून कागदाची फुलं करत होतीस, तुझ्या बोटांना लाल रंग लागला होता. तुझी आई पिठाचे हात कमरेला पुसत लिफाफा घेऊन आली.

“दादा, इस्पितळाचं दिसतंय. वाचा हो.”

(ती बोलली आपल्या बोलीत. ती बोली कागदावर नीट बसत नाही, म्हणून शाळेच्या भाषेत लिहितो. तिच्या आवाजात वाच.)

पत्र पाच ओळींचं होतं. चौथ्या ओळीत तो शब्द होता, आणि पाचवीत नातेवाईकांनी विलंब न लावता यावं, असं. मला एकही शब्द अडला नाही. तो शब्द मी लढाईच्या सहा वर्षांत रद्दीच्या कागदांवर शेकडो वेळा वाचला होता. हल्ला ‘इमिनंट’, पाडाव ‘इमिनंट’. दुसऱ्या दिवसाच्या कागदात तो झालेला असायचा.

मी म्हणालो, “तब्येतीला उतार आहे म्हणतात. लवकरच घरी सोडतील.”

“सोमवारी येतील?”

“सोमवारचं लिहिलं नाही.”

मागून बेटी म्हणाली, “नाही आले तर नाही आले. लग्न बापाच्या आशीर्वादावर लागतं, बापाच्या टोपीवर नाही.” बायका हसल्या. तुझी आईही हसली. कढई करपत होती म्हणून ती आत पळाली.

आपल्याकडे मांडव पडलेल्या घरात वाईट बातमी नेत नाहीत, वेशीवरच थोपवतात. त्या वेळी मी स्वतःला हेच सांगितलं. पण वेशीवर थोपवणारा घरच्या मोठ्या माणसाच्या कानात तरी घालतो. मी कोणालाच सांगितलं नाही. बेटीलाही नाही. माझ्या मनात असं होतं की दोन दिवस निघतील. लग्न लागलं की सोमवारी संध्याकाळी तुझ्या आईला गाडीत बसवीन. माणूस पंधरा दिवस तगला, आणखी दोन दिवस तगेल. आणि खरं सांगायचं तर मनात मायकल होता. तुझे बाबा त्याच्यानंतर.

चारची गाडी होती. तुम्ही तिघी तीत बसला असता तर अंधार पडायच्या आत इस्पितळात पोचला असता. युजीन सोमवारी दुपारी गेले, इकडे लग्न लागलं त्याच दिवशी. म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार होता. कदाचित त्यांना भेटून तुम्ही रविवारी परत आला असता आणि लग्नही लागलं असतं. कदाचित तुझ्या आईने मांडव उतरवला असता. कदाचित युजीननीच सांगितलं असतं, जा, पोरीचं लग्न लावा. ते ठरवायचं काम त्यांचं होतं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, आणि हाताला कळलंही नाही.

इस्पितळातला एक वॉर्डबॉय प्रेताबरोबर आला होता. त्याने मला सांगितलं की सोमवारी सकाळी युजीननी दाढी करून मागितली. आज मुलीचं लग्न आहे, असं आजूबाजूच्या खाटांना सांगितलं. त्यांना वाटत असेल की लग्नापायी कोणी आलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुला वाईट वाटू नये म्हणून नाही. मलाच सांगवत नव्हतं.

मंगळवारी त्यांना पुरलं. स्मशानातून आल्यावर तुझ्या आईने ते पत्र पाद्रीबाबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना सांगितलं की शब्द कठीण आहे, शिकलेल्यालाही अडतो. त्यांना खरंच तसं वाटलं, की त्यांनी मला झाकून घेतलं, ते मला आजही ठाऊक नाही. ते आता वसईच्या मातीत आहेत, विचारणार कोणाला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझी आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, “दादा, तुमची काय चूक? घरी शिकलेलं इंग्रजी. पुरेल तेवढंच पुरणार.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत हे होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या शेजारी उभा राहून कपाळाला राख लावून घेतली.

त्यानंतर गावाने इंग्रजी पत्रं माझ्याकडे आणणं बंद केलं. शाळेत मास्तरीणबाई लुसी आली होती, लोक तिच्याकडे जाऊ लागले. ते बरोबरच होतं. एकटी तुझी आई येत राहिली. मला लाज वाटू नये म्हणून. लिडियाची आफ्रिकेहून येणारी पत्रं, तुझी इस्पितळातली, सगळी. वास्तविक ती मराठीत. कोणीही वाचली असती. ती मुद्दाम माझ्या ओट्यावर येऊन बसायची. मी मोठा कोश विकत घेतला तेव्हा ती चार लोकांना सांगत होती, “बघा, चुकीतून माणूस कसा शिकतो.” सात वर्षं मी ते ऐकून घेतलं.

लिडियाचा संसार सुखाचा आहे. तीन मुलं आहेत, धाकटीचा फोटो तू पाहिलास. ती मुलं डोळ्यांसमोर आणून मी अनेकदा हिशेब जुळवायला बसलो. हिशेब जुळतो. युजीनची दाढी मात्र त्यात कुठे मांडायची, ते कळत नाही.

विद्याधरबरोबर तुला चिठ्ठी दिली त्यानंतर चार दिवस मी थांबलो. रविवारी मिस्सा झाल्यावर तुमच्या घरी गेलो. हे पत्रातून तुझ्या आईला कळवता येण्यासारखं नव्हतं. कारण ती पत्र घेऊन माझ्याकडेच आली असती.

ती पाटावर बसून विड्याची पानं लावत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, वर लिहिलं तेवढंच, दाढीसकट. तिने हातातलं पान जुडीत नीट बसवलं. मी म्हटलं, “क्लेमेंटीन, मला शिव्या दे.”

ती म्हणाली, “शिव्या कशाला? बसा.”

मी बसलो.

मग म्हणाली, “दादा, लिडियाची पत्रं तुम्हीच वाचलीत ना? सगळी?”

“सगळी.”

“रोझमेरीची?”

“तीही.”

“तिचं मूल गेलं होतं मधलं, लिडियाचं, ते पत्र तुम्ही वाचलंत. ती म्हणाली होती, आई, मी सावरले. असंच होतं त्यात?”

“असंच होतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. दुकानदाराने दिलेला पैसा खोटा निघाला की माणूस कनवटीचे बाकीचेही काढून बघतो ना, तसं होतं ते.

ती उठली, माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यात सात वर्षांची पत्रं होती, दोऱ्याने बांधलेली. डबा घेऊन ती लुसी मास्तरणीकडे गेली. गुडघ्याचं दुखणं असून चालत गेली. मी मागे येऊ का विचारलं. “नको” म्हणाली.

तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर ती लुसीच्या पडवीत बसते आणि लुसी तिला एकेक पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवते. लुसीनेच मला सांगितलं. “काका, हे काय चाललंय? बाई तर डोळे मिटून ऐकतात आणि मधेच म्हणतात, हे होतं, हे बरोबर.” मी तिला म्हटलं, सगळं सावकाश वाच, काही गाळू नकोस.

मी त्या पत्रांत एक काना-मात्राही बदललेली नाही. ती सगळी खरी वाचली. पण हे मी सांगून चालणार नाही. लुसी म्हणते, रोज तीन-चार होतात, अजून निम्मा डबा आहे.

तुझ्या आईने मला घरी येऊ नका असं म्हटलेलं नाही. काल पाणी भरताना विहिरीवर भेटली, “गाय कशी आहे?” विचारलं. गाय बरी आहे.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा वॉर्डात काम असेल. काम आधी कर. मला उत्तर लिहायचं की नाही, ते तुझ्याकडे आहे. पण आईला लिहायचं थांबवू नकोस. पाकिटावर लुसी मास्तरणीचा पत्ता घाल, माझा नको. ती सांगेल तोपर्यंत तसंच चालू दे.

बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून तुला मी हातात धरलं होतं, युजीन शेजारी उभे होते. म्हणून ‘चि.’ लिहायचा हक्क अजून आहे असं धरून चाललो. खाली नुसतं नाव लिहितो. त्यापुढे काही लावायचं की नाही, ते तू ठरव.

ऑगस्टीन